एका खड्ड्याचे नव्वद कोटी

१४ फेब्रुवारी २०१०. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना इथे स्टॉक कार शर्यतींमधली सगळ्यात मानाची शर्यत, डेटोना ५००, ऐन रंगात आली होती. त्रेचाळीस गाड्या, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग, आणि एकीचं नाक दुसरीच्या शेपटीला टेकलेलं. अचानक शर्यत थांबवण्यात आली. अपघात झाला नव्हता, पाऊसही आला नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या मधे रस्त्याला खड्डा पडला होता. जेमतेम दीड-दोन वितींचा!

माणसं धावली, खड्डा भरला, शर्यत सुरू झाली. थोड्याच वेळात भराव उखडला आणि गाड्या पुन्हा थांबल्या. त्या दिवशी हवा थंड होती, त्यामुळे भरलेला मसाला लवकर धरतच नव्हता. दोन्ही वेळा मिळून सव्वादोन तासांहून जास्त वेळ त्रेचाळीस गाड्या आणि दीडेक लाख माणसं त्या एका खड्ड्यासाठी खोळंबून राहिली.

त्याच वर्षी सगळ्या ट्रॅकचं डांबर काढून नवं घालायचं ठरलं. खर्च सुमारे २ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ९० कोटी रुपये. ट्रॅकची लांबी किती? चार किलोमीटर! आणि याच जागी २०१३ साली आणखी एक नूतनीकरण सुरू झालं, त्याचा खर्च होता ४० कोटी डॉलर. पहिल्याच्या वीसपट. गंमत म्हणजे या दुसऱ्या कामात ट्रॅकचं डांबर बदलायचंच नव्हतं.

एवढा पैसा मुरतो तरी कुठे? हे शोधायला निघालो की मोटारशर्यतीचा ट्रॅक ही किती विलक्षण वस्तू आहे, ते एकेक थर उलगडत कळायला लागतं. आणि शब्दशः थरच, कारण सुरुवात जमिनीपासून करावी लागते.

डेटोनाला १९५९ च्या आधी ट्रॅक नव्हताच. शर्यती व्हायच्या समुद्रकिनाऱ्यावर. एक बाजू ओल्या घट्ट वाळूची, दुसरी बाजू किनाऱ्यालगतच्या डांबरी रस्त्याची, आणि वेळापत्रक ठरायचं भरती-ओहोटीवरून. पाणी वर यायच्या आत शर्यत उरकायची! मग बिल फ्रान्स या माणसाने ठरवलं की कायमचा ट्रॅक बांधायचा, आणि वळणं अशी उभी करायची की गाड्यांना वेग कमी करावा लागणार नाही आणि स्टँडमधल्या शेवटच्या प्रेक्षकालाही त्या नीट दिसतील. किती उभी? ३१ अंश. हा आकडा आला कुठून? डांबर टाकणारी यंत्रं यापेक्षा उभ्या चढावर काम करू शकणार नव्हती, म्हणून.

वळणं उभी करायला डोंगराएवढी माती लागणार. ती आणायची कुठून? ट्रॅकच्या मधल्या मैदानातूनच खणून काढली. तिथे जो खड्डा झाला त्यात पाणी भरलं आणि तळं तयार झालं. लेक लॉइड नावाचं ते तळं आजही ट्रॅकच्या पोटात आहे.

आता ३१ अंश म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणून बघा. ट्रॅकची रुंदी ४० फूट. खालच्या कडेला उभं राहून वर पाहिलं तर वरची कड सुमारे वीस फूट उंच, म्हणजे दोन मजल्यांवर. या चढावर साध्या बुटांनी चालत जायचं तर हात टेकावे लागतील. मग गाड्या त्यावर तीनशेच्या वेगाने कशा चिकटून राहतात? जत्रेतला मौत का कुआँ तुम्ही पाहिला असेल. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकल गरागरा फिरते आणि खाली पडत नाही. तिथे जे चालतं तेच इथे, फक्त भिंत अर्धवट आडवी केलेली.

वळणावर गाडीला सरळ जायचं असतं. तिला आत वळवायला कोणीतरी आतल्या बाजूला ढकलावं लागतं. सपाट रस्त्यावर हे काम एकट्या टायरच्या घर्षणाला करावं लागतं. रस्ता कलता केला की रस्ता स्वतःच गाडीला आत ढकलायला लागतो. डेटोनाच्या वळणांची त्रिज्या आहे हजार फूट. शाळेतलं भौतिकशास्त्र वापरून हिशेब केला तर उत्तर येतं ताशी सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणजे रस्ता काचेसारखा गुळगुळीत असता, टायरला शून्य पकड असती, तरी दीडशेच्या वेगाने जाणारी गाडी त्या वळणावरून ना वर घसरली असती ना खाली! बाकीचा दीडशेचा वेग तेवढा टायरच्या जिवावर.

पण याची किंमत कोण मोजतं? रस्ता. तीनशेच्या वेगाने वळताना गाडी त्या कलत्या पृष्ठभागावर अशी दाबली जाते की तिचं वजन दुपटीहून थोडं जास्त भरतं. दीड टनाची गाडी वळणावर तीन टनांची होते. अशा त्रेचाळीस गाड्या, दोनशे फेऱ्या, वर्षातून अनेक शर्यती आणि चाचण्या. त्यात डांबराचा स्वभाव असा की वर्षानुवर्षं ऊन आणि हवा लागून त्यातली लवचीकता जाते, ते ठिसूळ होतं. मग बारीक चिरा, चिरांत पाणी, आणि वरून गाडीचं बूड आपटतं. २०१० सालचं ते डांबर १९७८ मध्ये घातलेलं होतं. बत्तीस वर्षं ते टिकलं, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

बरं, डांबर बदलायचं. आपल्या दारावरचा रस्ता होताना आपण पाहतोच: डंपर येतो, गरम मिक्स पेव्हरमध्ये ओततो, पेव्हर ते पसरत जातो, मागून रोलर. पण हा रोलर ३१ अंशांच्या चढावर आडवा चालवून दाखवा! काही टनांचं धूड थेट खाली घरंगळत येईल. १९५८ मध्ये हा प्रश्न चार्ल्स मनीपेनी या इंजिनिअरसमोर होता. त्याने काय केलं? वळणाच्या वरच्या कडेला सपाट जागेवर बुलडोझर उभे केले आणि खालची डांबराची यंत्रं त्यांना जोडून टाकली. वर बुलडोझर पुढे सरकतोय, खाली चढावर लटकलेला पेव्हर त्याच्या बरोबरीने सरकतोय. ही युक्ती इतकी नवी होती की मनीपेनीने तिचं पेटंट घेतलं. आजही उभ्या वळणांवर डांबर टाकताना यंत्रांना वरून धरून ठेवणारं दुसरं यंत्र लागतंच. म्हणजे सपाट रस्त्यावर जिथे एक यंत्र पुरतं तिथे इथे दोन, शिवाय दोघांचा वेग एकमेकांशी तंतोतंत जुळलेला. पैसा कुठे जातो याचं एक उत्तर इथेच मिळतं.

दुसरं उत्तर तापमानात आहे. मिक्स प्लान्टमधून निघतं तेव्हा दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असतं. ते थंड व्हायच्या आत दाबलं गेलं पाहिजे, कारण थंड झालेली खडी दबत नाही, तिच्यात पोकळ्या राहतात आणि पुढचा खड्डा तिथूनच सुरू होतो. मधे डंपर उशिरा आला, पेव्हर थांबला, की त्या जागी आडवा सांधा पडलाच. आपल्या रस्त्यावर असा सांधा म्हणजे गाडीला बारीकसा झटका. तीनशेच्या वेगात तोच सांधा गाडीचं संतुलन बिघडवू शकतो. फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर चार मीटर लांबीची सरळ पट्टी रस्त्यावर ठेवून पाहतात, तिच्याखाली कुठे फट दिसली तर ती जास्तीत जास्त काही मिलिमीटर असावी लागते. चार मीटरमागे काही मिलिमीटर! एवढी सपाटी घराच्या फरशीतही मिळवायची तर कसबी कारागीर लागतो. इथे ती किलोमीटरच्या किलोमीटर हवी, तीही गरम डांबरात.

डेटोनाला २०१० च्या जुलैतली शर्यत संपली आणि काम सुरू झालं. सुमारे पन्नास हजार टन डांबर-मिश्रण पडलं. डिसेंबरात नव्या रस्त्यावर गाड्या धावल्या.

आणि मग जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात भन्नाट वाटतं. रस्ता नवा झाला आणि खेळच बदलला! जुन्या खडबडीत रस्त्यावर टायर घसरायचे, गाडी वळणावर थोडी वाहायची, चालकाला ती सतत सावरावी लागायची. नव्या गुळगुळीत रस्त्यावर पकड इतकी पक्की की मागच्या गाडीने पुढच्या गाडीला बंपर लावून वळणातूनसुद्धा ढकलत नेलं तरी दोघी स्थिर. दोन गाड्या जोडीने एकटीपेक्षा कितीतरी वेगाने जातात, कारण हवेचा अडथळा दोघींत वाटला जातो. २०११ ची डेटोना ५०० अशा जोड्याजोड्यांनी धावली. आघाडीची गाडी ७४ वेळा बदलली, तेव्हाचा तो विक्रम. आणि जिंकला कोण? आदल्याच दिवशी विसावं वर्ष पूर्ण केलेला ट्रेव्हर बेन. ही शर्यत जिंकणारा आजवरचा सगळ्यात तरुण चालक.

म्हणून तर अनुभवी चालकांना नवा रस्ता नको असतो. अटलांटाच्या ट्रॅकचं डांबर २०१७ मध्ये बदलायचं ठरलं तेव्हा चालकांनीच गळ घातली की राहू द्या, आणि ते काम काही वर्षं पुढे ढकललं गेलं. झिजलेल्या डांबरात वरचा काळा लेप जाऊन खडीची टोकं उघडी पडतात. ती टायर खातात, पकड कमी होते, आणि कोणाला गाडी सांभाळता येते ते उघड होतं. याच्या उलट टोकाचं उदाहरण इस्तंबूलचं. २०२० मध्ये तिथे फॉर्म्युला वन परत आली, त्याच्या अगदी थोडे दिवस आधी नवं डांबर घातलं होतं. नव्या डांबरातून काही काळ तेलकटपणा वर येत राहतो. जगातले सर्वोत्तम चालक सरावाला उतरले आणि शिकाऊ मुलांसारखे गोल गोल फिरायला लागले! शर्यतीच्या दिवशी वर पाऊस पडला. त्या घसरड्या रस्त्यावर लुइस हॅमिल्टनने शर्यत जिंकली आणि सातवं विश्वविजेतेपदही. म्हणजे नूतनीकरण करणाऱ्याने डांबर कोणतं घालायचं एवढंच पाहून भागत नाही. ते शर्यतीच्या दिवशी किती वयाचं असेल, हेही त्याला आधीच मोजावं लागतं.

आता पाण्याकडे वळू या, कारण ट्रॅक बांधणाऱ्यांचा सगळ्यात जास्त अपमान पाण्यानेच केला आहे. इंग्लंडमधला सिल्व्हरस्टोन हा जगातला अतिशय मानाचा ट्रॅक, पहिली फॉर्म्युला वन अजिंक्यपद शर्यत १९५० मध्ये इथेच झाली. २०१८ च्या सुरुवातीला त्याच्यावर नवं डांबर घातलं. त्या ऑगस्टमध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक शर्यत, तिथे होती. शनिवारी सरावात पाऊस आला आणि एका ठिकाणी पाणी साचून राहिलं. टीटो राबाट हा चालक तिथे घसरून पडला. त्याच जागी मागून दुसऱ्याची मोटरसायकल घसरत आली आणि त्याच्यावर आदळली. पाय अनेक ठिकाणी मोडला. रविवारी पाऊस थांबेना, पाणी हटेना. हजारो प्रेक्षक भिजत बसलेले, आणि शेवटी शर्यतच रद्द. याआधी मोटरसायकलींची अशी जागतिक शर्यत पूर्ण रद्द झाली होती १९८० मध्ये ऑस्ट्रियात, बर्फामुळे!

कोरडा असताना तो रस्ता पाहून कोणालाही काही चुकलंय असं वाटलं नसतं. दोष होता डोळ्यांना न दिसणारा. रस्त्याला आडवा उतार किती, मधे कुठे खोलगट भाग राहिला का, पृष्ठभागावरच्या खडीच्या फटी पाणी वाहून न्यायला पुरेशा आहेत का, असले ते प्रश्न. फॉर्म्युला वनचा पावसाळी टायर तीनशेच्या वेगाला एका सेकंदात ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो असं तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते. एक टायर, एक सेकंद, ८५ लिटर! पण पाणी त्याहून जास्त साचलं की टायर आणि रस्ता यांच्या मधे पाण्याचा पातळ थर शिरतो, टायर वर उचलला जातो, आणि त्या क्षणापासून स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. मोटरसायकलवाल्याला तर दोनच टायर.

सिल्व्हरस्टोनने काय केलं? जेमतेम दीड वर्षापूर्वी घातलेलं डांबर खरवडून जून २०१९ मध्ये पूर्ण ट्रॅक पुन्हा केला. या वेळी रस्त्याची रचना इटलीतल्या ड्रोमो या कार्यालयाने केली. जार्नो झाफेली हा त्याचा प्रमुख. ही मंडळी ट्रॅक लेझरने मोजून घेतात, संगणकात त्याची हुबेहूब प्रतिकृती करतात आणि थेंब कुठे पडला तर कुठून वाहत जाईल ते आधीच पाहून घेतात. त्या ऑगस्टमध्ये मोटोजीपी झाली, आणि अ‍ॅलेक्स रिन्सने मार्क मार्केझला ०.०१३ सेकंदाने हरवलं.

याच झाफेलीचं दुसरं काम पाहण्यासारखं आहे. नेदरलँड्समध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये झांडफोर्ट नावाचा ट्रॅक आहे, १९४८ पासूनचा. १९८५ नंतर फॉर्म्युला वन तिथून गेली. मॅक्स वेर्स्टाप्पेन या डच चालकाच्या उदयानंतर तिथल्या लोकांना ती परत हवी झाली. पण ट्रॅक अरुंद, वळणावळणांचा, आणि रुंद करायला जागा नाही. भोवती संरक्षित निसर्गक्षेत्र, तिथल्या दुर्मिळ बेडकांसाठी आणि सरड्यांसाठी पर्यावरणवादी कोर्टात गेलेले. मग एकमेकांना मागे टाकायला जागा करायची कशी? आडवी जागा नव्हती, तर झाफेलीने उभी जागा वापरली! तिसरं वळण त्याने असं कलतं केलं की आतल्या कडेला कल साडेचार अंश आणि बाहेर जाता जाता तो वाढत वाढत १९ अंश. यातली युक्ती लक्षात आली का? कल सगळीकडे सारखा असता तर सगळ्यांनी आतली जवळची वाट धरली असती. इथे आतली वाट जवळची पण सपाट, म्हणून तिथे वेग कमी. बाहेरची वाट लांबची पण उभी, म्हणून तिथे वेग जास्त. दोन्ही वाटांनी जवळपास सारखाच वेळ लागतो, आणि एकाच वळणातून दोन गाड्या दोन वेगळ्या हिशेबांनी निघतात. त्या वाढत्या कलाचा आकार ठरवताना झाफेलीने फिबोनाची संख्यांचा आधार घेतला. काम २०१९ च्या अखेरीस सुरू होऊन २०२० च्या मार्चपर्यंत संपलं. साथीमुळे शर्यत एक वर्ष लांबली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती वेर्स्टाप्पेननेच जिंकली.

रस्त्याच्या खालची गोष्ट अजून राहिलीच. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला २०१२ मध्ये अगदी नवाकोरा ट्रॅक उभा राहिला. आधुनिक यंत्रं होती, जाणकार माणसं होती, पैशाला तोटा नव्हता. तरी काही वर्षांत रस्त्याला उंचवटे यायला लागले. तासून काढले, पुन्हा आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मोटोजीपीच्या चालकांनी उघड तक्रार केली की असंच राहिलं तर इथे शर्यत नको. २०२२ मध्ये बराच भाग नव्याने करावा लागला, २०२४ मध्ये पुन्हा काम निघालं. कारण काय? माती! त्या भागातली माती काळी, चिकणी, पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात आकसून भेगाळणारी. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचं वाटेल, आणि ते बरोबरच आहे. टेक्सासची ती जमीन आणि आपली कापसाची काळी जमीन मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात एकाच गटातल्या आहेत. मे महिन्यात आपल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्या मिटतात, तेव्हा जमीन वरखाली झालेली असते. त्यावर घर बांधणाऱ्याला पाया खोल न्यावा लागतो, हे आपल्याकडचा कुठलाही गवंडी सांगेल. ऑस्टिनच्या साडेपाच किलोमीटर ट्रॅकखाली हीच माती दर पावसाळ्यात श्वास घेते. वर मिलिमीटरची सपाटी राखायची आणि खाली जमीन स्वतःच हलते आहे!

आता भिंती. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा अमेरिकेचा लाडका चालक काँक्रीटच्या भिंतीवर आदळून गेला. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना तो अपघात फार भयंकर वाटलाही नव्हता. इथेच भौतिकशास्त्राची क्रूर बाजू दिसते. माणूस वेगाने मरत नाही, तो वेग किती कमी अंतरात संपला त्याने मरतो. काँक्रीट एक तसूही मागे सरकत नाही, म्हणून थांबायचं सगळं अंतर गाडीच्या चेपण्यातून आणि आतल्या माणसाच्या देहातून यावं लागतं. मग भिंतच थोडी मागे सरकली तर?

नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच करत होते. काँक्रीटच्या पुढे पोलादी चौकोनी नळ्यांची सलग भिंत, आणि दोन्हींच्या मधे थर्माकोलच्या जातीच्या फोमचे ठोकळे. गाडी आदळली की पोलाद मागे वाकतं, फोम चेपतो, धक्का लांब पट्ट्यावर पसरतो आणि वेळेतही ताणला जातो. पोलाद गुळगुळीत आणि सलग असल्यामुळे गाडी त्यात अडकत नाही, घासत पुढे जाते. मे २००२ मध्ये इंडियानापोलिसला ही भिंत पहिल्यांदा बसली. तिला सेफर बॅरिअर म्हणतात. खर्च फुटामागे सुमारे ५०० डॉलर, आणि ट्रॅकची भिंत हजारो फूट. म्हणून सुरुवातीला बहुतेक ठिकाणी ती जिथे धडकायचा धोका जास्त वाटला तिथेच बसवली गेली. २०१५ च्या फेब्रुवारीत डेटोनालाच काइल बुश हा चालक घसरत जाऊन आतल्या बाजूच्या अशा भिंतीवर आदळला जिथे सेफर बॅरिअर नव्हती. एक पाय मोडला, दुसऱ्या पावलाचं हाड मोडलं. ट्रॅकच्या अध्यक्षांनी त्याच रात्री कबूल केलं की हे व्हायला नको होतं, आणि भिंतीचा इंच न् इंच झाकायचं जाहीर केलं. रातोरात त्या जागी टायरांच्या थप्प्या रचल्या गेल्या. नव्या भिंतीची इतकी निकड वाटावी हे मला अगदी योग्य वाटतं. बुश तर बरा होऊन परतला आणि त्याच वर्षीचं अजिंक्यपद त्याने पटकावलं.

आणि आता ते ४० कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने अडीच हजार कोटी रुपयांच्या वर. जुलै २०१३ मध्ये डेटोनाला काम सुरू झालं, जानेवारी २०१६ मध्ये संपलं, आणि मधल्या काळात एकही मोठी शर्यत चुकवली नाही. फेब्रुवारी आली की क्रेन बाजूला, लाखभर माणसं आत, शर्यत झाली की क्रेन परत. कशासाठी हे सगळं? बसायच्या जागांसाठी! जुन्या स्टँडमध्ये जवळपास दीड लाख जागा होत्या. नव्यात किती असतील, अंदाज करा. दोन लाख? १,०१,५०० फक्त. अडीच हजार कोटी खर्चून त्यांनी जागा कमी केल्या! मागच्या सरळ रस्त्यावरचे स्टँड तर काढूनच टाकले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा आकडा छपाईची चूक वाटला होता. पण जरा विचार केला की लख्ख दिसतं. १९५९ मध्ये माणूस लाकडी बाकावर चार तास बसायला तयार होता, कारण शर्यत पाहायचा दुसरा मार्गच नव्हता. आज घरी मोठा पडदा आहे, आणि गाडीच्या आतला कॅमेराही दिसतो. त्याला घरातून उठवून इथे आणायचं तर बूड टेकायला रुंद खुर्ची हवी, वर चढायला सरकते जिने हवेत, आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत वीस फेऱ्या चुकायला नकोत. म्हणून ४० सरकते जिने बसले, १७ लिफ्ट आल्या, स्वच्छतागृहं दुप्पट झाली, खाण्यापिण्याचे स्टॉल तिप्पट. स्टँडची लांबी जवळपास दीड किलोमीटर. लाख माणसं एकाच वेळी आत येतात आणि एकाच वेळी बाहेर पडतात, त्यांच्यासाठी भव्य प्रवेशद्वारं. सगळं पोलादावर तोललेलं, चक्रीवादळांच्या फ्लोरिडात, समुद्रापासून काही किलोमीटरवर. आता सांगा, चार किलोमीटर रस्त्याला २ कोटी आणि बसण्याला ४० कोटी, यात नवल आहे का? रस्ता गाड्यांसाठी असतो, त्या तेव्हा त्रेचाळीस. माणसं एक लाख!

प्रेक्षक आणि गाड्या यांच्या मधे असते जाळी, तिचीही कथा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये, हे मोठं काम सुरू व्हायच्या आधी, एका गाडीचं इंजिन दरवाजाजवळ जाळी फाडून पलीकडे गेलं आणि तीसच्या आसपास प्रेक्षक जखमी झाले. जाळी सलग असते तिथे तारा धक्का पुढे पुढे वाटून देतात, दरवाजा आला की ती साखळी तुटते. मग असे दरवाजे जास्तीच्या पोलादी दोऱ्यांनी बांधून घेतले गेले. जुलै २०१५ मध्ये ऑस्टिन डिलनची गाडी अंतिम रेषेजवळ हवेत उडून त्या जाळीवर आदळली. दीड टनाची गाडी, उलटीसुलटी, प्रेक्षकांपासून काही फुटांवर. जाळी फाटली पण गाडी तिने परत ट्रॅकवर फेकली. प्रेक्षकांतल्या काहींना किरकोळ जखमा झाल्या, आणि डिलन स्वतः गाडीतून बाहेर येऊन हात हलवत उभा राहिला.

नूतनीकरण ही काही आजची गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. इंडियानापोलिसचा ट्रॅक १९०९ च्या ऑगस्टमध्ये मोटारींसाठी खुला झाला. रस्ता होता ठेचलेली खडी आणि त्यावर डांबर. पहिल्याच शर्यतींत तो उखडला आणि पाच जणांचा जीव गेला. मालक कार्ल फिशर आणि त्याच्या भागीदारांनी काय करावं? ३२ लाख विटा मागवल्या. त्या शरद ऋतूत त्रेसष्ट दिवसांत माणसांनी गुडघ्यांवर बसून, एकेक वीट हाताने ठेवत चार किलोमीटरचा ट्रॅक फरसबंद केला. दिवसाला सरासरी पन्नास हजार विटा! पहिली इंडी ५०० १९११ मध्ये धावली ती या विटांवर. पुढे टप्प्याटप्प्याने वर डांबर आलं, १९६१ मध्ये अंतिम रेषेवरची एक यार्ड रुंदीची पट्टी तेवढी उघडी ठेवली. बाकीच्या बऱ्याचशा विटा अजून डांबराखाली आहेत, आणि आजच्या गाड्यांचं ओझं त्याही उचलताहेत.

डेटोनाचं नवं स्टँड पूर्ण झाल्यावरची पहिली डेटोना ५०० धावली २१ फेब्रुवारी २०१६ ला. पाचशे मैल, दोनशे फेऱ्या, आणि शेवटच्या वळणापर्यंत कोण जिंकणार ते कोणालाही सांगता येईना. डेनी हॅमलिनने मार्टिन ट्रूएक्सला हरवलं ते ०.०१० सेकंदाने. डेटोना ५०० च्या इतिहासात इतकी चुरशीची अखेर तोवर झाली नव्हती, आणि खाली अंथरलेलं होतं २०१० मधलं तेच ९० कोटींचं डांबर.